नोंद नेमकी कोणाची?

विष्णुभट गोडसे हे कोकणातील वरसईचे भिक्षुक. १८५७ साली चार पैसे गाठीला बांधावेत म्हणून ते उत्तरेकडे निघाले आणि ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोझच्या फौजेने झाशीला वेढा घातला, तेव्हा ते त्या शहरातच होते. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी सारी हकीकत मोडी लिपीत लिहून काढली. चिंतामण विनायक वैद्य यांनी ती १९०७ साली 'माझा प्रवास' या नावाने छापली. छापताना वैद्यांनी भाषेत फेरफार केले, काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा गोडशांचे शब्द कोणते आणि वैद्यांचे कोणते, याचा उलगडा झाला. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे वाचक दोन माणसांचे लिखाण एकाच्या नावावर वाचत होते.

उलगडा झाला, कारण मूळ हस्ताक्षर जपून ठेवलेले होते. कागदाच्या वहीची हीच मोठी सोय असते. घरातल्या दुधाच्या वहीत कोणी खाडाखोड केली हे अक्षरावरून ओळखता येते. संगणकावरच्या नोंदवहीत मात्र आजोबांचे अक्षर आणि नातवाचे अक्षर अगदी सारखेच दिसते. तिथे हस्ताक्षराची जागा लॉगिन घेतो. म्हणूनच लॉगिन म्हणजे नुसते दाराचे कुलूप नव्हे, ती प्रत्येक नोंदीखालची सही आहे. ती बिघडली तर नुसती अडचण होत नाही, वहीवरचा भरवसाच उडतो.

समजा, झाशीच्या एका घरात आजोबांना मधुमेह आहे. घरात आजी, थोरला मुलगा, सून आणि रात्रपाळीला येणारी परिचारिका. लेक पुण्याला असते, पण जीव सारा इकडे. रक्तातील साखर, इन्सुलिनची मात्रा, जेवणाची वेळ हे सर्वांना एका ठिकाणी दिसावे म्हणून मुलाने घरातच एक लहानसा संगणक सर्व्हर म्हणून लावला आणि त्यावर नोंदवही सुरू केली. वेगवेगळी नावे देताना लॉगिन काही केल्या जमेना, तेव्हा वैतागून त्याने सर्वांसाठी 'घर' असे एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवला.

महिनाभर सारे सुरळीत चालले. मग एका रात्री सुनेला वहीत दिसले, '८.१० : इन्सुलिन दिले', खाली नाव 'घर'. परिचारिका नुकतीच आलेली, आजी झोपलेल्या, नवरा कामावर. तिने पुण्याला फोन लावला, "वन्सं, ही नोंद तुम्ही केलीत का? मामंजींना विचारून लिहिलीत, की सकाळची राहिली होती ती आत्ता टाकलीत?" उत्तर मिळेपर्यंत तिच्या हातातली सुई हातातच राहिली. इन्सुलिन दुबार गेले तर साखर एकदम खाली येते, आणि वृद्ध माणसाच्या जिवावर बेतू शकते. अशा वेळी 'कोणी लिहिले' हा प्रश्न चौकशीचा राहत नाही, औषधाचा होतो.

तेव्हा त्या मुलाचे लॉगिन का जमले नसावे, हे पाहू.

अशा कामासाठी 'ई-लॉग' नावाची एक मोफत प्रणाली प्रसिद्ध आहे. स्वित्झर्लंडमधील व्हिलिगेन येथे पॉल शेरर इन्स्टिट्यूट ही मोठी संशोधन संस्था आहे. तेथील भौतिकशास्त्रज्ञ स्टेफान रिट यांनी ती लिहिली. प्रयोगशाळेत पाळीपाळीने कामावर येणाऱ्यांना आधीच्या पाळीत काय घडले ते कळावे, हा तिचा मूळ हेतू. आजाऱ्याच्या खोलीतली गरज याहून निराळी नाही. ती आपल्याच संगणकावर चालते, ब्राउझरमधून उघडते आणि नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत साठवते. तिची सारी मांडणी एका फाइलीत लिहावी लागते. पुढे येणारे शब्द त्या फाइलीत अर्थातच रोमन लिपीत लिहायचे.

पहिली तक्रार अशी की, वही नाव-पासवर्ड न विचारताच उघडते. याचा अर्थ 'पासवर्ड फाइल' ही ओळ तिला सापडलेलीच नाही. मांडणीच्या फाइलीत चौकटी कंसात नाव देऊन विभाग पाडलेले असतात. 'ग्लोबल' विभागात लिहिलेले सर्व वह्यांना लागू होते, एखाद्या वहीच्या विभागात लिहिलेले त्या वहीपुरते. औषधांच्या वहीत ओळ लिहिली आणि खर्चाची वही उघडून पाहिली, तर ती पासवर्ड कशाला विचारील? घरच्या साऱ्या वह्यांना एकच यादी हवी असेल, तर ती ओळ 'ग्लोबल'मध्ये असावी. स्पेलिंगही एकदा पाहून घ्यावे. बदल केल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करावा. जुनीच मांडणी वाचत बसलेल्या सर्व्हरशी लोक तासन्‌तास झुंजतात.

दुसरी तक्रार, नवे नाव भरले तरी ते जतन होत नाही. इथे दोष बहुधा परवानगीचा असतो. लिनक्स संगणकावर प्रत्येक फाइलीला मालक असतो. आपण मुख्य प्रशासक म्हणून पासवर्डची फाइल तयार केली आणि नोंदवहीचा सर्व्हर मात्र दुसऱ्या, साध्या नावाने चालत असला, तर त्याला त्या फाइलीत लिहिता येत नाही. किल्ली मालकाच्या खिशात आणि कारकून दाराबाहेर, अशी ती गत. फाइलीची मालकी सर्व्हर ज्या नावाने चालतो त्या नावाकडे द्यावी. सर्वांना सर्व परवानग्या देऊन टाकण्याचा सोपा उपाय मात्र करू नये.

नवे नाव कोणी नोंदवायचे हेही आधी ठरवावे. 'सेल्फ रजिस्टर' या ओळीपुढे शून्य लिहिले, तर फक्त प्रशासकच नावे घालू शकतो. एक लिहिले, तर कोणीही आपले नाव घालू शकतो. दोन लिहिले, तर प्रशासकाला ई-मेलने कळते. तीन लिहिले, तर त्याने मंजुरी दिल्यावरच नाव चालू होते. चार-सहा माणसांच्या घराला शून्य उत्तम. तीन लिहायचे तर ई-मेलची व्यवस्था आधी चालू हवी, नाहीतर पुण्याची लेक मंजुरीची वाट पाहत राहील आणि झाशीत कोणाला पत्ताही नसेल.

तिसरी तक्रार सर्वांत चक्रावून टाकणारी. पासवर्ड बरोबर, चूक असल्याचा शब्दही नाही, तरी पुन्हा लॉगिनचेच पान समोर येते. आत प्रवेश मिळाल्यावर सर्व्हर ब्राउझरकडे एक खूणचिठ्ठी देतो. तिला कुकी म्हणतात. पुढच्या प्रत्येक पानाला ब्राउझरने ती दाखवायची. चिठ्ठी एका पत्त्याने दिली आणि पान दुसऱ्या पत्त्याने उघडले, तर ब्राउझर ती दाखवत नाही. घरात सर्व्हरचा अंकी पत्ता वापरायचा, बाहेरून नावाचा, आणि मांडणीतील 'यूआरएल'च्या ओळीत तिसराच, असे झाले की हा गोंधळ होतो. पत्ता सगळीकडे एकच ठेवावा आणि ब्राउझरमधील जुन्या कुकी पुसून पाहावे.

या चिठ्ठीला मुदत असते, म्हणून घड्याळही पाहावे. घरगुती सर्व्हरसाठी पुष्कळ जण 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा संगणक वापरतात. २०१२ साली आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायपासून चौथ्या पिढीपर्यंत त्यात बॅटरीवर चालणारे घड्याळच नव्हते. २०२३ च्या पाचव्या पिढीत ते आले, पण बॅटरी निराळी घ्यावी लागते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट लगेच सुरू झाले नाही, तर असा संगणक भलतीच वेळ धरून बसतो. मग लॉगिन तर अडतेच, शिवाय नोंदींवर चुकीची वेळ पडते. इन्सुलिनच्या वहीत हा दुसरा दोष पहिल्याहून वाईट.

चौथी तक्रार, घरात चालते पण पुण्याहून उघडत नाही. हा दोष लॉगिनचा नसून रस्त्याचा आहे. इथे राउटरमधून सर्व्हरचे दार थेट जगाला उघडून देण्याचा मोह होतो. साध्या, कुलूप नसलेल्या जोडणीवरून पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जातो, हे ध्यानात ठेवावे. बाहेरच्या माणसासाठी व्हीपीएन, म्हणजे खाजगी बोगद्यासारखी जोडणी करावी, किंवा निदान पत्त्याच्या आरंभी सुरक्षित जोडणीची खूण असल्याखेरीज पासवर्ड टाकू नये.

पासवर्डची फाइल जपणे हे त्या मुलाचे आणखी एक काम. तिचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या देखरेखीखाली १९६१ साली एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची प्रणाली सुरू झाली. तिथे प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. १९६२ साली अ‍ॅलन शेर या विद्यार्थ्याने संगणकावर अधिक वेळ मिळावा म्हणून पासवर्डची आख्खी यादीच छापून घेतली. १९६६ मध्ये तर दोन फाइलींची अदलाबदल होऊन, आत येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले! पुढे बेल लॅबोरेटरीजमध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी पासवर्ड उलटा सोडवता येणार नाही अशा रूपात साठवण्याची रीत पक्की केली. त्यावरचा त्यांचा लेख १९७९ सालचा. ई-लॉगच्या जुन्या आवृत्त्यांत पासवर्ड नुसता रूपांतर करून ठेवलेला असे, आणि तो कोणालाही सहज पूर्ववत करता येतो. म्हणून नवी आवृत्ती वापरावी. बँकेचा पासवर्ड इथे कधीही देऊ नये. फाइलीची प्रत अधूनमधून काढून सुरक्षित ठेवावी.

प्रशासक एकच नसावा, दोघे असावेत. एकाने पासवर्ड विसरला तर दुसरा त्याला नवा देऊ शकतो. 'अ‍ॅडमिन यूझर'च्या ओळीत दोघांची नावे पासवर्डच्या फाइलीत आहेत तशीच, अक्षर न चुकता लिहावीत.

एवढे सगळे जमले की लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि तिथेच फसतात. कारण लॉगिन सुरू झाले म्हणून नोंदीखाली आपोआप खरे नाव येईलच असे नाही. लिहिणाऱ्याच्या नावाचा रकाना मोकळा ठेवलेला असेल, तर सून आपल्या नावाने आत येऊन त्या रकान्यात 'आई' असेही लिहू शकते. त्यासाठी 'प्रीसेट ऑथर' या ओळीने तो रकाना आत आलेल्या माणसाच्या पूर्ण नावाने भरून यावा असे सांगावे आणि 'लॉक्ड अ‍ॅट्रिब्यूट्स'मध्ये तो बंद करावा. 'रिस्ट्रिक्ट एडिट' सुरू केले की एकाची नोंद दुसऱ्याला बदलता येत नाही. आता कुठे ती वही सहीची झाली.

घरात यावर कुरबूर होईल हे नक्की. आजी म्हणतील, "अरे, घरच्या घरात कसली नावं आणि कसले पासवर्ड? आमच्यावर पहारा ठेवतोस का?" त्यांची समजूत घालावी. इथे कोणावर अविश्वास नाही. नाव असले की रात्री दहाला कोणाला फोन करून विचारायचे ते कळते, आणि जिने मात्रा दिलीच नाही तिच्यावर नाहक बोट जात नाही. आजींना पासवर्ड लक्षात राहत नसेल, तर त्यांच्या नावाचा पासवर्ड एका वहीत लिहून त्यांच्याच कपाटात ठेवावा. साऱ्या घराने एक पासवर्ड वापरण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

आणि लॉगिन दुरुस्त होईपर्यंत काय करावे? सर्वांना एकच नाव देऊन वेळ मारून नेऊ नये. तोवर आजोबांच्या उशाशी शंभर पानी वही आणि दोरीने बांधलेले पेन ठेवावे. प्रत्येकाने मात्रा दिल्याबरोबर वेळ लिहून खाली आपले नाव लिहावे. संगणक सुरळीत झाला की नोंदी त्यावर चढवाव्यात. कागदाची वही मात्र फेकू नये.