घरांतील उद्योग : विमानाची धुरकट कांच

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या जळगांवच्या घरांत एक लहानसा अनर्थ घडला. धाकट्या पुतण्यास त्याच्या मामांनीं धुळ्याहून ‘नॅट’ विमानाच्या प्रतिकृतीची पेटी पाठविली होती. १९६५ व १९७१ च्या युद्धांत आपल्या वायुदलानें वापरलेलें हें चिमुकलें लढाऊ विमान ‘सेबर-संहारक’ म्हणून प्रसिद्धीस आलें. एकास बहात्तर या प्रमाणांत तें वीतभरही भरत नाहीं. मुलानें पंधरा दिवस खपून तें जोडलें आणि अखेर वैमानिकाच्या डोक्यावरचें पारदर्शक झांकण क्षणांत चिकटणाऱ्या गोंदानें बसविलें. सकाळीं पाहतों तों झांकणावर आंतून पांढरें धुकें पसरलेलें, आणि त्यांत त्याच्याच आंगठ्याचा ठसा स्पष्ट उमटलेला!

“काका, हें आंधळें झालें. आतां टाकूनच देतों,” असें म्हणून स्वारी माडीवर निघून गेली. “बरें झालें, आतां अभ्यास तरी होईल,” असाही एक अभिप्राय स्वयंपाकघरांतून ऐकूं आला. मला मात्र तें पटलें नाहीं. हातीं घेतलेलें काम एका चुकीपायीं टाकून देण्याची संवय लागणें, हें विमान बिघडण्याहून मोठें नुकसान होय. म्हणून आम्हीं दोघांनीं मिळून त्याचा उपाय केला. तोच येथें सांगतों.

प्रथम धुकें कां आलें तें पाहूं. हा गोंद वाळतांना त्याची वाफ सुटते; ती हवेंतील व घामांतील ओलाव्याशीं गांठ पडतांच घट्ट होऊन पांढऱ्या थराच्या रूपानें बसते. पोलीस वस्तूंवरचे अदृश्य ठसे याच वाफेनें उठवितात. आमच्या घरीं आरोपी आपोआप सांपडला, इतकेंच!

आतां लेपाची करामत. कागदावर तेलाचा थेंब पडला कीं तेवढा भाग पारदर्शक होतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. कागदाच्या तंतूंमधील हवेची जागा तेल घेतें आणि प्रकाश वाटेंत विखुरत नाहीं. प्लॅस्टिकवरील बारीक चऱ्यांचेंही असेंच आहे. हीं झांकणें बहुधा पॉलिस्टायरीनचीं असतात. त्याचा वक्रीभवनांक सुमारें १.५९, तर ॲक्रिलिकचा १.४९. दोहोंत अंतर थोडें असल्यामुळें ॲक्रिलिकचा लेप चऱ्यांत भरला कीं त्या दिसेनाशा होतात. परदेशांतील छंदी मंडळी याकरितां पुष्कळ वर्षें फरशी चमकविण्याचें ॲक्रिलिक द्रव वापरीत आलीं. तें पातळ असल्यामुळें आपोआप सारखें पसरतें. तें न मिळाल्यास प्रतिकृतींसाठीं मिळणारें पाण्यांत कालविलेलें चकचकीत ॲक्रिलिक वार्निश घ्यावें. ॲसिटोन किंवा रंगाचा थिनर मात्र झांकणास लावूं नये. त्यानें प्लॅस्टिक विरघळतें व तडकतें.

कृति अशी. गोंद ठिसूळ असल्यामुळें पातळ पात्यानें झांकण हलकेंच सुटलें. हें काम मोठ्यांनींच करावें. दंतमंजनाची पांढरी पेस्ट मऊ फडक्यावर घेऊन धुकें जाईपर्यंत घांसलें, कोमट पाण्यानें व साबणानें धुतलें, आणि पुढें बोट न लावतां चिमट्यानें धरलें. ज्या पारदर्शक चौकटीस हे भाग जोडलेले येतात, तिच्या तुकड्यावर लेपाची आधीं परीक्षा घेतली. मग झांकण वाटींतील द्रवांत सावकाश बुडवून बाहेर काढलें, खालच्या कडेस जमलेला थेंब टिपकागदानें टिपला, आणि वर भांडें पालथें घालून दोन दिवस हात लावला नाहीं.

खानदेशांत हें पालथें भांडें विसरूं नये. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांच्या घरांत जातो; दुपारीं लेप पसरण्याआधींच वाळतो आणि वाऱ्याबरोबर आलेली धूळ त्यांत कायमची बसते. काम पहांटे, पंखा बंद करून करावें. आमच्या पहिल्या लेपांत एक केंस अडकलाच. परंतु घाबरण्याचें कारण नाहीं. फरशीचा लेप अमोनियाच्या सौम्य पाण्यांत सुटतो, पॉलिस्टायरीनला मात्र त्यानें धक्का लागत नाहीं. खिडक्या उघड्या ठेवून लेप काढावा, धुवावा आणि पुन्हा द्यावा. याच कारणास्तव पुढें झांकण अमोनियायुक्त कांच-पुसणीनें पुसूं नये.

दुसऱ्या खेपेस झांकण सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदानें बसविलें. तो पारदर्शक वाळतो व वाफ सोडीत नाहीं. खरें तर लेप आरंभींच दिला असता, तर धुक्यापासूनही पुष्कळ बचाव झाला असता; पण हें शहाणपण एक झांकण बिघडल्यावांचून सहसा येत नाहीं.

सायंकाळीं पुतण्यानें विमान आजींच्या हातीं दिलें. त्यांनीं चष्मा सांवरून तें दिव्याजवळ धरलें आणि उद्गारल्या, “अगबाई, आंत माणूस बसलाय कीं रे!”

त्या चिमण्या वैमानिकाचा चेहरा मुलानें एका केंसाच्या कुंचल्यानें रंगविला होता. तो आतांपर्यंत कोणासच दिसला नव्हता.