उचलून नेण्याचा कायदा

यंदाचा अंक ‘घर’ या विषयावर आहे. वाडे, चाळी, कोकणातली बंद घरे, परदेशातली भाड्याची खोली, सगळे त्यात आले. कागद महागला, पावसाने हैराण केले, तरी अंक वेळेवर तुमच्या हाती आहे. यापलीकडे वर्षाचा आढावा घेत नाही, कारण वर्षभर एकच गोष्ट सलते आहे. उड्डाणपुलाखाली जाळ्या बसतात, पदपथावर कुंड्या मांडल्या जातात. तिथे झोपणारी माणसे कुठे गेली म्हणून विचारावे, तर उत्तर येते, ‘नेली उचलून.’

हे उचलणे जुने आहे. जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या पदपथावरच्या माणसांना मूळ गावी धाडण्याचे जाहीर केले. ऐन पावसाळ्यात झोपड्या मोडल्या. दुष्काळाने मुंबईत आणलेल्या एका भूमिहीन मजुराला बायकामुलांसह तमिळनाडूतल्या सेलमच्या बसमध्ये बसवले. बायको आणि मुली तिकडे राहिल्या, तो कामासाठी परतला आणि पुन्हा पदपथावरच आला. या कारवाईविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्याच्या निकालपत्रात हे नोंदलेले आहे. त्याच निकालात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र पावसाळा सरल्यावर झोपड्या हटवायची मुभाही दिली. शाळेत आपण पहिला भाग शिकवतो. पालिकेला दुसरा पाठ आहे.

त्याहून वाईट आहे तो १९५९ चा भीकबंदीचा मुंबई कायदा. उपजीविकेचे साधन दिसत नाही, सार्वजनिक जागी फिरतो किंवा थांबतो आणि भिकेवर जगत असावा असे वाटते, एवढ्यावर या कायद्याने माणूस भिकारी ठरतो. हात पसरलेला कोणी पाहिला असण्याचीही गरज नाही. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरीगृहात ठेवता येते. रात्री हमाली करून दिवसा आडोशाला झोपलेला माणूस आपले ‘साधन’ कोणाला दाखवणार? हाच कायदा दिल्लीला लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. ज्या राज्याच्या विधिमंडळात तो जन्मला, तिथे तो जिवंत आहे. मला याची लाज वाटते.

पर्याय नाही असे नाही. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत एक निवारा पाडला गेला, त्यानंतर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा, चोवीस तास आणि बारमाही, असे मोजमाप घालून दिले. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, आणि तेही लोक काम करतात त्या बाजारांजवळ, स्थानकांजवळ. मुंबई या आकड्याच्या जवळपासही पोचलेली नाही. त्या जनगणनेत देशभर पावणेअठरा लाख माणसे बेघर मोजली गेली. रात्री फिरून जेवढी सापडली तेवढी.

पदपथ मोकळा हवा, ही तुमची तक्रार रास्त आहे. तशी पत्रे या कार्यालयात वर्षभर येतात. पण माणूस उचलल्याने पदपथ मोकळा होत नाही, तो माणूस पुढच्या चौकात जातो. तेव्हा या दिवाळीत एक पत्र आमदारांच्या नावे लिहा. येत्या नागपूर अधिवेशनात १९५९ चा हा कायदा रद्द करण्याचे विधेयक मांडा, आणि आपल्या वॉर्डात निवारा कुठे आहे ते लेखी कळवा, एवढेच त्यात असू द्या. उत्तरे आली तर आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ती जशीच्या तशी छापू, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांची नावेही.