चाक बदलण्याआधी जागा पाहा : द्रुतगती मार्गांवरील दुर्लक्षित धोका

लखनौ : भरधाव मार्गावर टायर पंक्चर झाला की स्टेपनी लावून लवकर पुढे निघावे, असाच बहुतेक चालकांचा पहिला विचार असतो. लखनौ परिसरातील महामार्गांचा अनुभव मात्र निराळा आहे. वाहनातील बिघाडापेक्षा ते थांबलेली जागा अनेकदा अधिक घातक ठरते.

जुलै २०२१ च्या अखेरीस लखनौ-अयोध्या महामार्गावर बाराबंकी जिल्ह्यातील रामसनेही घाटाजवळ हरियाणातून बिहारकडे मजुरांना घेऊन निघालेली बस रात्री नादुरुस्त होऊन थांबली. दुरुस्तीची वाट पाहत अनेक मजूर बससमोर रस्त्यावरच झोपले होते. मागून आलेल्या ट्रकने बसला धडक दिली आणि किमान १८ जणांचा बळी गेला. तेथे बिघाड टायरचा नव्हता. पण वाहन रस्त्यावर उभे आणि माणसे त्याच्या आसपास, ही परिस्थिती पंक्चरच्या वेळी उद्भवते तीच होती.

आग्र्याकडून येणारा ३०२ किलोमीटरचा आणि गाझीपूरकडे जाणारा सुमारे ३४१ किलोमीटरचा, असे दोन द्रुतगती मार्ग आज लखनौला मिळतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. उभ्या मोटारीमागे १०० मीटरवर परावर्तक त्रिकोण ठेवला, तरी मागच्या चालकाला जेमतेम साडेतीन सेकंद मिळतात. हिवाळ्यातील दाट धुक्यात तेवढेही मिळत नाहीत. सराव नसलेल्या व्यक्तीला चाक बदलण्यास मात्र सहज पंधरा-वीस मिनिटे लागतात.

म्हणूनच टायर बसल्याचे जाणवताच जोराने ब्रेक न दाबता, स्टिअरिंग घट्ट धरून वेग आपोआप कमी होऊ द्यावा आणि धोक्याचे चारही दिवे लावावेत. विश्रांतिस्थळ किंवा बाहेर पडण्याचा रस्ता जवळ असल्यास तेथवर सावकाश जावे. टायर आणि रिम खराब झाली तरी तो तोटा भरून निघतो. ते शक्य नसेल तर मोटार अगदी डाव्या कडेला घ्यावी, सर्वांनी डाव्या दारानेच उतरावे आणि संरक्षक कठड्यापलीकडे थांबावे. मोटारीत बसून राहणे किंवा तिच्या मागेपुढे उभे राहणे टाळावे.

चाक उजव्या बाजूचे असेल, तर द्रुतगती मार्गावर ते स्वतः बदलूच नये. डाव्या कडेला उभ्या केलेल्या मोटारीची उजवी बाजू धावत्या वाहनांकडे असते. नट सैल करणाऱ्याला वाहतुकीच्या तोंडावरच बसावे लागते. अशा वेळी मदत मागवणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

सुरक्षित, सपाट आणि टणक जागा मिळाल्यास क्रम सोपा आहे. हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि बिघडलेल्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगडाची उटी लावावी. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत. जॅक उत्पादकाने दाखवलेल्या जागीच लावावा आणि केवळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये. नवे चाक बसवल्यावर नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत, मोटार खाली घेऊन पुन्हा घट्ट करावेत आणि काही अंतर गेल्यावर तपासावेत.

जुलै २०२० मधील नियमदुरुस्तीने या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारींना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. हा संच खिळ्याच्या लहान छिद्रावर उपयोगी पडतो. फाटलेल्या टायरपुढे तो निरुपयोगी ठरतो. साहजिकच गस्ती वाहनांवरील अवलंबित्व वाढणार आहे.

मदत मागवण्याची व्यवस्थाही एकसंध नाही. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा क्रमांक आहे. लखनौला मिळणारे दोन्ही द्रुतगती मार्ग मात्र राज्याच्या प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात. आपण कोणाच्या रस्त्यावर आहोत, हे रात्री अडकलेल्या चालकाला ठाऊक असेलच असे नाही. निदान ११२ हा आपत्कालीन क्रमांक त्याने लक्षात ठेवावा.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ भाविकांची मिनीबस ट्रकवर आदळून १२ जण मृत्युमुखी पडले. परिवहन अधिकाऱ्यांनीच तो ट्रक मार्गावर थांबवल्याचा आरोप त्या वेळी झाला होता. वेगासाठी बांधलेल्या रस्त्यावर थांबण्याची सोय आणि शिस्तही तितकीच काटेकोर हवी. थांबलेले वाहन किती मिनिटांत सुरक्षित स्थळी हलवले जाते, ही या मार्गांच्या व्यवस्थेची खरी कसोटी आहे.