श्वासावरून रोगनिदान : स्वागत आणि पारख

आनापानसतीने आपल्या विद्यार्थ्यांना श्वासाकडे सजगतेने पाहण्याची सवय लावली आहे. विज्ञानही आता त्याच श्वासाकडे रोगनिदानाच्या दृष्टीने पाहत आहे. १९७१ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या उच्छ्वासात सुमारे २५० पदार्थ असल्याचे दाखवून दिले. यांतील काही पदार्थ शरीरातील बिघाडाची खूण असतात. मधुमेह आटोक्याबाहेर गेला म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागते आणि श्वासात ॲसिटोन वाढते. दम्यातील दाहाने नायट्रिक ऑक्साइड वाढते, तर मूत्रपिंडाच्या विकारात अमोनिया.

हे प्रमाण अत्यल्प असते. निरोगी माणसाच्या श्वासात ॲसिटोन दहा लाख भागांत साधारणतः एक भाग किंवा त्याहूनही कमी आढळते. ते टिपण्यासाठी टिन ऑक्साइड, टंगस्टन ऑक्साइड यांसारख्या पदार्थांचे नॅनोकण वापरतात. कण जितके सूक्ष्म, तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग अधिक. तापविलेल्या कणांवर हवेतील ऑक्सिजन चिकटतो व इलेक्ट्रॉन अडवून धरतो. ॲसिटोनची त्या ऑक्सिजनशी अभिक्रिया झाली की इलेक्ट्रॉन मोकळे होतात, विद्युतरोध घटतो आणि तो फरक मोजता येतो. यात सुई टोचावी लागत नाही.

अशा साधनांचे आम्ही स्वागत करतो. तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी बुडवणे ज्या घरांना परवडत नाही, तेथे मधुमेह फार उशिरा कळतो. खुद्द बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत या विकाराने जर्जर केले होते.

परंतु उपाशी माणसाच्या श्वासातही ॲसिटोन वाढते, ही गोष्ट विसरता येणार नाही. रात्री न जेवलेल्या मुलाची भूक हे यंत्र रोग म्हणून नोंदवू शकेल. उलट, मधुमेह असूनही ज्यांच्या श्वासात ॲसिटोन विशेष वाढलेले नसते, असेही रुग्ण असतात. श्वासातील ओलावा व मद्यार्काची वाफ यांनीही संवेदक फसतो. दम्यासाठी नायट्रिक ऑक्साइडची चाचणी वैद्यकात मान्य झाली आहे. मधुमेहाच्या निदानात मात्र रक्ततपासणीची जागा श्वासाने अद्याप घेतलेली नाही.

‘या आणि पाहा’ ही धम्माची रीत आहे. म्हणून आमचे मत असे की, हे साधन ज्यांच्यासाठी वापरायचे, त्यांच्याच आहारावर, त्यांच्याच हवेत, त्यांच्या उपासमारीचाही विचार करून ते पारखले गेले पाहिजे. ही पारख त्यांच्या जाणत्या संमतीनेच व्हावी आणि तिचे निष्कर्ष त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितले जावेत. तोवर कोणीही श्वासयंत्राच्या भरवशावर रक्ततपासणी टाळू नये.

पारखणाऱ्यांत आपली मुलेही असावीत. १९७६ पासून वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे संविधानातील मूलभूत कर्तव्य आहे. अभियंता, परिचारिका, प्राध्यापक, तंत्रज्ञ झालेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातील चार दिवस शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावेत, अशी आमची विनंती आहे. टिन ऑक्साइडचा साधा वायुसंवेदक अल्प किमतीत मिळतो. नववी-दहावीच्या मुलामुलींनी तो स्वतः जोडावा, ओलाव्याने त्याचे आकडे कसे बदलतात ते वहीत नोंदवावे आणि त्याच्यावर कुठवर विश्वास ठेवायचा ते स्वतः ठरवावे.