आष्ट्याचा ऊस आणि जिनिव्हाचा निवाडा

जागतिक व्यापार संघटनेच्या पंचमंडळाने १४ डिसेंबर २०२१ रोजी जिनिव्हा येथे भारताच्या ऊस व साखर धोरणाविरुद्ध निवाडा दिला. फिर्यादी होते ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाच हंगामांत भारताने ऊस उत्पादकांना दिलेले साहाय्य एकूण ऊस उत्पादनाच्या मूल्याच्या दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडून गेले आणि साखर निर्यातीची अनुदानेही कराराशी विसंगत होती, असा या निवाड्याचा आशय. पंचांनी ज्याला ‘साहाय्य’ म्हटले त्यात मुख्य वाटा होता तो एफआरपीचा, म्हणजेच उसाच्या रास्त व किफायतशीर दराचा. वाळवा तालुक्यातील आष्ट्याच्या शिवारात हा दर म्हणजे घरचा वर्षाचा हिशेब. त्यासाठी या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी ऊसतोडी रोखल्या, रस्ते अडविले, लाठ्या खाल्ल्या. परंतु त्याच दराचा खटला परदेशी चालला असताना त्याचे कागद वाचून चावडीवर समजावून सांगेल असा पदवीधर शोधूनही सापडणे कठीण. हा दोष येथील तरुणांच्या बुद्धीचा नव्हे. विद्यापीठांनी ज्ञानाचे जे वाफे पाडले आहेत, त्यांच्या बांधांचा तो दोष आहे.

आष्ट्याचा शेतकरी या निवाड्यावर एक साधा प्रश्न विचारील : दर तर कारखाना देतो, सरकारच्या तिजोरीतून छदामही येत नाही, मग हे सरकारी साहाय्य कसे? भारताच्या वकिलांनीही जिनिव्हात हाच मुद्दा मांडला होता. पंचांनी तो फेटाळला. सरकारने दर बांधून दिला की पुरे, खरेदी सरकारनेच केली पाहिजे असे नाही, हा त्यांचा अर्थ. हे कलम कायद्याचा विद्यार्थी शोधून काढील. परंतु साहाय्य मोजताना आजचा दर ज्या संदर्भ किमतीशी ताडून पाहतात ती १९८६ ते १९८८ या वर्षांवर आधारलेली आणि तेथेच गोठलेली आहे, याचा परिणाम त्याला अर्थशास्त्रावाचून कळणार नाही. २०२१-२२ मध्ये दहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २९० रुपये असलेला दर २०२५-२६ साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला ३५५ रुपये झाला. महागाईने एक आकडा चढत राहतो, दुसरा जागचा हलत नाही, आणि शेतकऱ्याच्या पदरात काही न पडताही कागदावरचे ‘साहाय्य’ फुगत जाते. हा हिशेब अर्थशास्त्राचा विद्यार्थी करील. पण असे सूत्र कोणी, कोणत्या बळावर मान्य करून घेतले, हे समजायला १९८६ ते १९९४ या काळातील उरुग्वे फेरीच्या वाटाघाटींचा इतिहास हवा. भारताने जानेवारी २०२२ मध्ये अपील केले तेव्हा ते ऐकणारे मंडळच शिल्लक नव्हते. अमेरिकेने सदस्यांच्या नेमणुका रोखून धरल्याने डिसेंबर २०१९ मध्येच त्याचे काम बंद पडले होते. ही गोष्ट राज्यशास्त्राची. एका उसाच्या कांडीसाठी चार शास्त्रे लागतात आणि विद्यापीठात ती चार इमारतींत बसलेली असतात.

आंतरराष्ट्रीय अभ्यास हा विषय मुळात या भिंती ओलांडण्यासाठीच जन्मला. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर १९१९ साली वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन निघाले. त्यावर नेमलेले आल्फ्रेड झिमर्न हे प्राचीन ग्रीसचे अभ्यासक होते, आणि १९३६ मध्ये तेथे आलेले ई. एच. कार परराष्ट्र खात्यात नोकरी करून आलेले. भारतात इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सच्या पुढाकाराने १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज सुरू झाले. हृदयनाथ कुंझरूंसारख्यांचे पाठबळ आणि ए. अप्पादुराई यांचे संचालकत्व त्याला लाभले. १९७० मध्ये ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. तेथे मुत्सद्देगिरी, आंतरराष्ट्रीय कायदा आणि अर्थशास्त्र यांचे एकच केंद्र होते. पुढे कायद्याचे आणि व्यापाराचे केंद्र वेगळे झाले. भिंती पाडण्यासाठी काढलेल्या घरातही कालांतराने भिंती उभ्या राहतात, हे त्यातून ध्यानी घ्यावे.

भिंती ओलांडल्या की काय साधते याचे उदाहरण सांगलीच्या बाजारपेठेला परके नाही. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. त्यासाठी रसायनशास्त्र आणि पेटंटचा कायदा तर लागलाच, शिवाय संस्कृत, उर्दू व हिंदी ग्रंथांतील जुने दाखलेही लागले. आजीबाईच्या बटव्यातले ज्ञान परक्या कचेरीत पुरावा म्हणून उभे करायला वैज्ञानिक, वकील आणि भाषापंडित यांना एका मेजाशी बसावे लागले.

यावर जुन्या अध्यापकांचा आक्षेप ठरलेला आहे : अनेक शास्त्रांची खिचडी केली की विद्यार्थ्याला एकही धड येत नाही. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बहुविद्याशाखीयतेचा मोठा गजर केला. प्रत्यक्षात श्रेयांकांची टोपली भरण्यासाठी इकडचा एक, तिकडचा एक असे विषय वेचले गेले, तर त्यातून आंतरशाखीय अभ्यास उभा राहणार नाही. शास्त्रे शेजारी ठेवल्याने ती एकमेकांशी बोलू लागत नाहीत. एका प्रश्नाला भिडली म्हणजे बोलतात. म्हणून विद्यार्थ्याने पदवीपर्यंत एक शास्त्र पक्के करावे आणि पदव्युत्तर वर्गात उसाचा दर, द्राक्षांवरील औषधांच्या अंशांची मर्यादा, इंधन आणि इथेनॉल असा एखादा प्रश्न हाती घेऊन इतर शास्त्रांकडे जावे, हाच क्रम योग्य.

दुसरा धोका अधिक खोल आहे. हा विषय सत्तेच्या वळचणीलाही वाढला आहे. सोव्हिएत स्पुटनिक १९५७ मध्ये आकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने संरक्षणाच्या नावाने शिक्षणाचा कायदा करून परदेशांच्या भाषा व प्रदेश-अभ्यासाला सरकारी पैसा पुरविला. ज्ञान वाढले हे खरे, पण प्रश्न कोणी विचारायचे हे पैसा देणाऱ्याने ठरविले. साखरेच्या खटल्यातही हेच दिसते. ग्वाटेमालाच्या मळ्यातील मजूर आणि बीडहून आष्ट्याच्या फडात येणारे ऊसतोड जोडपे यांचे दुःख एकाच जातीचे. परंतु कृषी करारात कोयत्याच्या मजुरीला जागाच नाही. दोन सरकारांचे वकील भांडतात, आणि दोन्हीकडचा कोयता मुका राहतो. समाजवाद्यांना हवा असलेला आंतरराष्ट्रीय अभ्यास या दोन कोयत्यांची ओळख करून देणारा हवा. केवळ आपल्या सरकारची बाजू लढविणारे वकील घडविणे एवढाच त्याचा हेतू असू शकत नाही.

ही परंपरा चळवळीला नवी नाही. राममनोहर लोहियांनी १९३६ पासून काँग्रेसचा परराष्ट्र विभाग सांभाळला. कोकणच्या नाथ पैंनी आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्षपद भूषविले. आणि आष्ट्याच्या शेजारी, त्या काळच्या इस्लामपुरात राहून आचार्य जावडेकरांनी १९३८ मध्ये ‘आधुनिक भारत’ मराठीत सिद्ध केला. इतिहास, अर्थकारण, राजकारण आणि नीती यांना त्यांनी वेगळ्या खोल्यांत कोंडले नाही. जगाचा विचार तालुक्याच्या गावी बसून आणि मराठीत करता येतो, याचा याहून भक्कम पुरावा कोणता?

आज मात्र हा विषय महानगरांत आणि भरमसाट शुल्क घेणाऱ्या खासगी विद्यापीठांत इंग्रजीतून शिकविला जातो. तेथून निघालेला विद्यार्थी व्यापारगृहांचा सल्लागार होतो. त्यात गैर काही नाही, पण शेतकऱ्याच्या व मजुराच्या बाजूचा सल्लागार कोण घडविणार? १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठासारख्या सार्वजनिक विद्यापीठांचेच हे कर्तव्य आहे. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा आणि कृषी यांच्या अध्यापकांनी एकाच वर्गात एकत्र शिकवावे. विद्यार्थ्याने एक परकी भाषा शिकावी. ब्राझीलने १९७५ साली उसापासून इंधन करण्याचा कार्यक्रम का हाती घेतला हे मुळातून वाचायला पोर्तुगीज येणारी चार मुले सांगली जिल्ह्यात असणे ही चैन नव्हे. करार आणि निवाडे यांचे मराठी सारांश विद्यापीठाने छापावेत. प्रबंधाचा विषय आपल्या जिल्ह्यातील पिकाचा, कारखान्याचा वा कामगाराचा असावा, आणि शुल्क शेतमजुराच्या मुलीला परवडेल एवढेच असावे.

विद्यापीठे आपणहून हलत नाहीत, हा अनुभव कार्यकर्त्यांना आहे. अधिसभेच्या निवडणुका केवळ पॅनेलच्या बेरजा करण्यासाठी लढविण्याऐवजी ही मागणी घेऊन लढवाव्यात. तोवर साखर कामगारांच्या आणि ऊस उत्पादकांच्या संघटनांनी आष्ट्यासारख्या गावी अभ्यासवर्ग भरवून २०२१ चा निवाडा पहिल्या धड्याला घ्यावा. उसाचा दर पुढेही दिल्लीत ठरेल आणि त्यावरची हरकत जिनिव्हात घेतली जाईल. ती हरकत वाचता येणारी माणसे उसाच्या फडाजवळ तयार झाली पाहिजेत.