जठररसाने पोळलेले फुप्फुस

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

जठरातला रस श्वासनलिकेत उतरला की फुप्फुसाला पहिली इजा आम्लाची होते, जंतूंची नंतर. कर्टिस मेंडेल्सन यांनी न्यूयॉर्कमधील ६६ बाळंतिणींच्या नोंदी आणि सशांवरील प्रयोग यांवरून १९४६ साली हे दाखवून दिले. भुलीखाली त्या बाळंतिणींचा ठसका बंद पडला होता.

चंद्रपूर-गडचिरोलीत ठसका बंद पडण्याची कारणे वेगळी आहेत. मण्यारचे पान लागले की पापण्या मिटतात, मग गिळणे थांबते. फवारणीचे औषध पोटात गेलेला माणूस बेशुद्धीत ओकतो. त्यात मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे म्हणजे संकट ओढवून घेणे. आणि लकवा: ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ८६ गावांत केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सातांतला एक मृत्यू लकव्याचा होता. बहुतेक मृत्यू घरीच झाले. लकव्याच्या रोग्याला प्रेमाने पाजलेले घोटभर पाणीही श्वासनलिकेत जाऊ शकते.

आम्ल काही मिनिटांत वायुकोशांचे अस्तर पोळते. काही तासांत पांढऱ्या पेशींची गर्दी होते, केशवाहिन्या पाझरतात, जंतू गिळणाऱ्या पेशी मंदावतात. अशा फुप्फुसात थोडे जंतूही मूळ धरतात. रुग्णालयातल्या नळ्यांवर टिकून राहणारे क्लेब्सिएला आणि असिनेटोबॅक्टर इथे शिरतात. पोळलेले अस्तर कुठल्याही जंतूला वाट देते. औषधाला दाद न देणारा मात्र उपचारानंतरही मागे उरतो.

म्हणून ताप आणि एक्स-रेवरचा डाग दिसताच भारी प्रतिजैविक सुरू करण्याची सवय चुकीची आहे. नुसत्या आम्लाच्या दाहावर ते निरुपयोगी. उलट साधे जंतू मरून चिवटांना रान मोकळे होते. आम्लरोधक गोळ्यांनी दाह सौम्य होईल, पण आम्ल घटलेल्या जठरात जंतू वाढतात.

विभागाने चार गोष्टी कराव्यात. बेशुद्ध रोग्याला कुशीवर वळवूनच न्यायचे, हे आशा कार्यकर्त्या आणि १०८ रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना हाताने करून शिकवावे. लकव्याच्या रोग्याचे गिळणे तपासल्याशिवाय तोंडाने काही देऊ नये, असा लेखी आदेश काढावा. प्रतिजैविकाचा निर्णय ४८ तासांनी बेडक्याच्या कल्चरसह पुन्हा तपासावा. शिवाय वीज जाणाऱ्या आरोग्य केंद्रांना पायाने चालणारे सक्शन यंत्र पावसाळ्याआधी, सापांच्या दिवसांआधी पोहोचवावे.