माइक कुणाच्या हातात?

१९४१ सालची बीबीसी बघा. सकाळी आठच्या बातम्या झाल्या की रेशनवर चूल कशी चालवायची ते बायांना सांगायची. साडेदहाला कारखान्यात गाणी, हात झपाझप चालावेत म्हणून. दुपारी थेट कँटीनमधून करमणूक. कामगाराची एवढी सरबराई? युद्धाला त्याचे हात हवे होते ना!

रविवारी रात्री नऊच्या बातम्यांनंतर जे. बी. प्रीस्टली बोलायचा. लढाईनंतर साध्या माणसाला काय मिळणार, हेच विचारायला लागला. टोरी पक्षात बोंब उठली. १९४१ च्या मार्चात त्याची भाषणं थांबली. गाणी चालूच राहिली.

आपण काय शिकायचं? गाण्यावर डुलण्याआधी विचारा, माइक कुणाच्या हातात आहे? आणि सवाल थांबवू नका.